गाव दत्तक घेणारे आपण कोण?

माणदेशातल्या एका गावात आमच्या महाविद्यालयाचं सात दिवसांचं शिबिर होतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं. मी तेव्हा कार्यक्रम अधिकारी होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलांचे गट पाडून घरोघर सर्वेक्षणाला पाठवलं आणि एका गटाबरोबर मीही निघालो. एका घराच्या ओट्यावर एक आजी सुपात मटकी निवडत बसल्या होत्या. माझ्या विद्यार्थिनीने फॉर्म काढला. घरात माणसं किती, जनावरं किती, शिकलेलं कोण, पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात टँकर किती दिवसांनी येतो. आजींनी सगळं नीट सांगितलं. मध्येच सुनेला हाक मारून आम्हाला पाणीही द्यायला लावलं. टँकरच्या गावातलं पाणी होतं ते. फॉर्म भरून झाला, मुलगी उठली, तेव्हा आजी म्हणाल्या, "पोरी, मागल्या साली बी असंच समदं लिवून न्हेलंसा. त्येचं म्होरं काय झालं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं. मागल्या सालचे फॉर्म सुतळीने बांधून आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात पडले होते. त्यांच्यावरून एक ओळ तयार झाली होती: 'सर्वेक्षण केलेली कुटुंबे ११२'. ती ओळ अहवालात गेली, अहवाल विद्यापीठात गेला, आणि विषय संपला. ते ११२ फॉर्म एकदाही कुणी वाचले नव्हते. मीसुद्धा.

त्या दिवसापासून विद्यापीठं आणि समाज यांच्या नात्याबद्दल जे जे वाचतो, परिसंवादात जे जे ऐकतो, ते मी आजींच्या त्या एका प्रश्नाला लावून पाहतो. आपण गावाकडून जे लिहून नेतो, त्याचं पुढे काय होतं? माझं म्हणणं साधं आहे. गावातून नेलेली माहिती, गावावर केलेला अभ्यास आणि गावाच्या नावावर मिळवलेले गुण गावात परत आले पाहिजेत. मराठीत, लेखी आणि चारचौघांसमोर. हे होत नसेल तर आपण ज्याला विस्तारकार्य म्हणतो त्याला दुसरं काही नाव द्यावं.

आधी 'दत्तक' या शब्दाबद्दल. गावाच्या वेशीवर निळ्या-पांढऱ्या रंगात पाटी असते, अमुक महाविद्यालयाचे दत्तक गाव. आपल्याकडे दत्तक कोण घेतं? ज्याच्याजवळ इस्टेट आहे आणि वारस नाही, तो. दत्तक गेलेल्याचं नाव बदलतं, घर बदलतं, आणि त्याने उपकार मानायचे असतात. चारशे-पाचशे वर्षं जुनं, स्वतःचं दैवत, स्वतःची जत्रा आणि स्वतःची ग्रामपंचायत असलेलं गाव चाळीस वर्षांपूर्वी निघालेलं महाविद्यालय दत्तक घेतं, ही कल्पनाच उलटी आहे. शिबिर संपतं, तीन वर्षांनी गाव बदलतं, पाटी तिथेच गंजत राहते. गावकरी पाटीबद्दल काही बोलत नाहीत, कारण पाहुण्याला बोलायचं नसतं.

वास्तविक कुणी कुणाला पोसलं, याचा हिशेब महात्मा फुल्यांनी केव्हाच मांडून ठेवला आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं तेव्हा मुंबई विद्यापीठाला पंचवीस वर्षं झाली होती. सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितलं. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असं सरकारचं धोरण होतं. फुल्यांनी विचारलं, की या शिकलेल्यांनी आपल्या अडाणी बांधवांसाठी आजवर काय केलं? ज्ञान स्वतःपाशीच ठेवलं ना? त्या निवेदनाला आता एकशे चाळीस वर्षं उलटून गेली. महसुलाची पद्धत बदलली, शिकणाऱ्यांच्या जाती बदलल्या, खेड्यातली मुलगी विद्यापीठात पहिली येऊ लागली. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण ज्ञान झिरपण्याची वाट पाहण्याची आपली सवय मात्र गेलेली नाही.

आणि महाराष्ट्रात तर उलट दिशेचं उदाहरण घरातलंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. ती चालली कशावर? गावोगावच्या बायांनी दळणाआधी बाजूला काढलेल्या मूठभर धान्यावर, शेतकऱ्यांनी दिलेल्या जमिनींवर, आणि वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोडलेल्या दागिन्यांवर. म्हणजे गावांनी शाळा दत्तक घेतल्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रातली आमची कितीतरी महाविद्यालयं त्या मुठीतून उभी राहिली. त्यांनी आता गाव दत्तक घेतल्याची पाटी लावावी, हे मला मनापासून खटकतं.

पण शब्द बदलून भागणार नाही. काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी, एवढी सुरुवात होती. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, हा तिचा सांगाडा आजही तोच आहे. या सात दिवसांनी मुलांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेली मुलगी चौथ्या दिवशी साठ माणसांच्या पिठल्याचा अंदाज घेऊ लागते. शहरातला मुलगा टिकाव धरतो आणि तळहाताला फोड आल्यावर रोजगार हमीवरच्या बाईच्या हाताकडे वेगळ्या नजरेने पाहतो. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती मुलं रडतात, ते खोटं नसतं. हे शिक्षणच आहे आणि ते वर्गात मिळत नाही.

मात्र हे सगळं मुलांना मिळालं. गावाला काय मिळालं, याची मोजणी आपण कशी करतो ते पाहा. उद्‌घाटनाला सरपंचांच्या हस्ते नारळ, मग ग्रामस्वच्छता, मग वृक्षारोपण, मग एक रक्तगट तपासणी, संध्याकाळी व्याख्यान. प्रत्येक ठिकाणी फलक धरून फोटो. गेल्या काही वर्षांत त्या फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले लागतात, कारण महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात जिओटॅग फोटो जोडावे लागतात. मी स्वतः मुलांना म्हणालो आहे, "थांबा रे, फोटोत लोकेशन आलं नाही, परत उभे राहा." झाडू पुन्हा हातात घेऊन मुलं पुन्हा उभी राहिली. रस्ता तोवर झाडून झाला होता. त्या कागदावर आम्ही तिथे होतो हे सिद्ध झालं. आमच्या असण्याने काय झालं, हे विचारणारा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता. लावलेल्या रोपांपैकी पुढच्या मे महिन्यात किती जगली, हेसुद्धा नाही.

त्याच १९६९ साली, त्याच शताब्दीच्या निमित्ताने, वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे एक पद्धत पहिल्यापासून आहे. एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव घेते. पहिल्या वर्षी मुलं त्या गावात पंधरवडाभर राहतात. प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून दिलेली असतात आणि शिबिर संपल्यावरही त्या कुटुंबांकडे महिन्याला जायचं असतं, पुढची काही वर्षं. गाव घेण्याचीच ही गोष्ट आहे, पण फरक बघा. विद्यार्थ्याला कुटुंबाचं नाव माहीत असतं आणि कुटुंबाला विद्यार्थ्याचं. पहिल्या वर्षी ज्या सुनेचं हिमोग्लोबिन तपासलं, तिचं बाळंतपण त्याच्या शिक्षणाच्या काळातच होतं. ते नीट झालं की नाही, हे त्याला कळतं. "म्होरं काय झालं" हा प्रश्न त्या रचनेतच बसवलेला आहे. सात दिवसांच्या शिबिरात तो बसत नाही, कारण पुढे कुणी जातच नाही.

कृषी विद्यापीठांचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्यांच्याबद्दल शहरात फार कमी बोललं जातं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, ही चारही विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामं त्यांना पहिल्यापासून बरोबरीने नेमून दिलेली. त्याचं फळ शिवारात दिसतं. माझ्या आजोळी ज्वारीच्या वाणाला 'राहुरीचं बी' म्हणतात. मराठवाड्यात एक पिढी 'नांदेड ४४' कापसावर उभी राहिली. बीटी कापूस येण्याआधीची गोष्ट. रायगडात भात 'कर्जत'च्या नावाने ओळखला जातो. संशोधन केंद्राच्या गावाचं नाव बियाण्याला पडतं आणि शेतकऱ्याच्या तोंडी बसतं, याहून मोठी मान्यता कोणती? पाचशे शोधनिबंधांना ती मिळणार नाही.

त्याच विद्यापीठांतली शेवटच्या वर्षाची मुलं खेड्यात राहायला जातात, ग्रामीण कार्यानुभवासाठी. वर्तमानपत्रं त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणतात. 'कृषिकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक', ही बातमी जिल्हा पानावर हमखास असते. एका अशा प्रात्यक्षिकाला मी उभा होतो. मुलींनी बोर्डो मिश्रण करून दाखवलं. चुना वेगळा, मोरचूद वेगळा, मग दोन्ही एकत्र, मग लोखंडी खिळा बुडवून तपासायचं. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे. एका म्हाताऱ्या बागाईतदाराने शांतपणे विचारलं, "हे आम्ही वीस वर्षं करतोय. पण यंदा पाऊस रोज दुपारी येतो, फवारलेलं टिकत नाही. त्याला काय करायचं?" मुलींना उत्तर येईना. ते साहजिक होतं. मला वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: तो प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतला नाही. त्या दाखवायला आल्या होत्या, विचारून घ्यायला नाही. तोच प्रश्न विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात पोहोचला असता तर एखाद्या एमएस्सीच्या प्रबंधाला विषय मिळाला असता. शेतकऱ्याचा खराखुरा, यंदाचा.

गावाकडे ज्ञान नसतं, फक्त अडचणी असतात, असं आपण मनात कुठेतरी धरून चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम दीड एकराचे धनी. १९८०च्या दशकात त्यांनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली धानाची लोंबी जपून, निवडून, वर्षानुवर्षं लावून एक वाण तयार केलं. बारीक दाण्याचं, चवीचं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचं नाव त्याला पडलं, एचएमटी. पूर्व विदर्भात आणि पलीकडे छत्तीसगडात ते पसरलं. पुढे १९९०च्या दशकात अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं घेतलं, शुद्धीकरण केलं आणि 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केलं. आपल्याला त्याचं श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार होती. त्यांना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कारही झाला, पण २०१८ साली त्यांचं निधन झालं तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती. या प्रकरणात कायद्याने कोण बरोबर, यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की ज्ञान शेतातून प्रयोगशाळेत गेलं आणि परत येताना त्याच्यावरचं माणसाचं नाव गळालं. सर्वेक्षणाच्या फॉर्मवरून आजींचं नाव गळून '११२ कुटुंबे' उरतात, तसंच.

याच्या बरोबर उलट वागणारी माणसं याच भागात आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या दशकात दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक कुठला ना कुठला आजार आढळला. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. पण त्यांनी तेच निष्कर्ष गावातल्या बायांपर्यंतही नेले, जत्रा भरवून, चित्रं आणि गाणी घेऊन. ज्यांच्या शरीरावर अभ्यास झाला, त्यांना त्याचा निकाल सांगितला. पुढे नवजात बाळांच्या मृत्यूंवर त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघर काळजी देण्याची जी पद्धत उभी केली, ती आज देशभरातल्या आशा ताईंच्या कामाचा भाग आहे. आता यातली अवघड गोष्ट: हे काम कुठल्या विद्यापीठातून आलं नाही. ते एका स्वयंसेवी संस्थेतून आलं. महाराष्ट्रात इतकी विद्यापीठं असताना हे का व्हावं, याचा विचार कुलगुरूंनी करायला हवा.

गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव तर आणखी पुढे गेलं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. साल २००९, आणि जंगल सुमारे १८०० हेक्टर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा बहुतेकांना माहीत असते. त्यामागचे अभ्यासगट मात्र फारसे माहीत नसतात. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळापासून त्या गावात माणसं रात्री जमून एकेका विषयावर बोलत आली. कायदा, बांबू, मध, दारू. बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, त्याचं ऐकायचं, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. अभ्यास गावाचा आणि विद्वान तिथे पाहुणा. माझ्या मते विद्यापीठ आणि समाज यांच्या भागीदारीचं महाराष्ट्रातलं सगळ्यात चोख रूप ते आहे, आणि ते विद्यापीठाने नाही, गोंड आदिवासींच्या एका लहान गावाने घडवलं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने अलीकडे 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणून पदवीचे वर्गच गावात नेले आहेत. त्या विद्यापीठाला शेजारी असा गुरू मिळाला आहे, हे त्याचं भाग्य.

अभियांत्रिकीच्या बाजूने पाहायचं तर आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, 'सितारा' या नावाने ओळखलं जाणारं. तिथले विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतात आणि साधे वाटणारे प्रश्न घेऊन येतात. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चनंतर टँकर का लागतो? कागदावर पूर्ण झालेल्या नळयोजनेचं पाणी शेवटच्या वाडीला का पोहोचत नाही? टाकीची उंची किती, पाइपचा व्यास किती, वीजबिल कोण भरतं? त्यातून २०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. जिल्हा प्रशासनाला हवे असलेले अभ्यास जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांनी करावेत, ही त्याची कल्पना. पुढे हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीच्या प्रकल्पात, मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी, गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही याच केंद्राच्या कामातून आली. मला हे पटतं, कारण इथे मुलं फुकटची मजुरी करत नाहीत. मोजतात, विचारतात, हिशेब मांडतात. म्हणजे विद्यापीठाने जे करायला हवं तेच.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं, "सर, विद्यापीठ म्हणजे काही जिल्हा परिषद नाही. पाणी, रस्ते ही सरकारची कामं. आमचं काम ज्ञानाचं." अगदी बरोबर. म्हणूनच मला मुलांच्या हातातले झाडू खटकतात. गाव झाडायला गावकरी समर्थ आहेत. पण गावातल्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, ओळीने दहा वर्षं मोजून ठेवायला कोण आहे? भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर असते, पण ती एखाददुसरी, आणि तिच्यावरून सगळ्या पाणलोटाचा अंदाज बांधायचा असतो. तलाठ्याला वेळ नाही. ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. भूगोल विभागाच्या मुलांकडे टेप आहे, वेळ आहे आणि दरवर्षी नवी तुकडी आहे. अशी नोंद असली तर गाव बोअर पाडण्यावर बंधन घालायचं की नाही, हे भांडण न करता ठरवू शकतं. टँकरची मागणी तहसीलदारापुढे आकड्यांनिशी मांडू शकतं. आणि मुलांना जो विदा, म्हणजे डेटा, मिळतो तो जगात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

दुसरी अडचण मात्र खरी आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जाणार कोण? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर चालतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू का हे त्यांना ठाऊक नसतं. अशा माणसाला गावाशी दहा वर्षांचं नातं जोडायला सांगायचं कोणत्या तोंडाने? गावाशी नातं म्हणजे शेवटी एका माणसाचं नातं असतं. सर गेले की गाव गेलं. भागीदारीवर भाषणं करणाऱ्या प्रत्येकाने आधी या रिकाम्या जागांवर बोलावं, असं मला वाटतं.

तरीही आत्ता एक संधी दारात आलेली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेलं काम यासाठी श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. राज्यातली लाखो मुलं आता परीक्षेचा भाग म्हणून गावात आणि वस्त्यांत जाणार. ही संख्या बहुतेक सरकारी सर्वेक्षणांच्या ताकदीबाहेरची आहे. आणि म्हणूनच मला भीतीही वाटते. स्पायरल बाइंडिंग केलेल्या लाखो फाइली, मागच्या वर्षीच्या मुलाकडून घेऊन नाव बदललेल्या, आणि त्याच त्या आजींना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा विचारलेलं, 'घरात माणसं किती?'

एकच नियम करावा, असं मी गेली काही वर्षं मिळेल त्या बैठकीत सांगत आलो आहे. गावात केलेल्या कुठल्याही अभ्यासाचे चार पानांचे निष्कर्ष, सोप्या मराठीत, त्या गावच्या ग्रामसभेत मुलांनी स्वतः वाचून दाखवावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या ग्रामसभा ठरलेल्या असतात. वाचनाची नोंद इतिवृत्तात व्हावी आणि त्या नोंदीची प्रत जोडल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत. शहरातल्या महाविद्यालयाने हेच वस्तीत करावं. बचत गटाच्या बैठकीत, मंडळाच्या गणपतीसमोर, जिथे माणसं जमतात तिथे. जिओटॅग फोटोच्या जागी हा कागद लावावा. पीएचडीच्या प्रबंधालाही हेच लागू करावं. इंग्रजीत तीनशे पानं जरूर लिहावीत, पण ज्या पाड्यावर ती लिहिली त्या पाड्याला चार पानं द्यावीत. याला पैसा लागत नाही. नवा विभाग लागत नाही. थोडं धैर्य लागतं, कारण चारचौघांत वाचायचं म्हटलं की खोटं लिहिता येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. आजींच्या प्रश्नानंतर पुढच्या वर्षी आम्ही गाव बदललं नाही. जुने फॉर्म कपाटातून काढले, वाचले, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला विषय घेतला, पाण्याचा. भूगोलाच्या मुलांनी ऑक्टोबरात आणि मग मे महिन्यात गावातल्या विहिरी मोजल्या. टेपला शिशाचा गोळा बांधून. मुलं मीटर सांगायची, गावकरी परस सांगायचे, म्हणजे पुरुषभर खोलीचं जुनं माप. आम्ही दोन्ही लिहिलं. एकूण ४१ विहिरी. त्याचा तक्ता केला आणि पुढच्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर, शाळेच्या पटांगणात, माझ्या एका विद्यार्थिनीने तो ग्रामसभेत वाचला. तिचा आवाज थरथरत होता. सातवी विहीर वाचली तेव्हा एकाने अडवलं, "ती माजी न्हाई, भावकीची हाय." हशा झाला, मालकाचं नाव दुरुस्त केलं. खोलीचा एक आकडा एका म्हाताऱ्याने चूक ठरवला, आणि म्हातारा बरोबर निघाला. आमच्या मुलाने टेप गाळात टेकेपर्यंत सोडलाच नव्हता. मग मागच्या बाजूला उभी असलेली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "समद्या वाचल्या, आमची कुटं हाय?"

बौद्धवस्तीतली विहीर आमच्या तक्त्यात नव्हती. मुलांबरोबर यादी करायला जे दोघे गावकरी फिरले, त्यांच्या यादीत ती नव्हती, आणि आम्ही विचारलं नव्हतं. पटांगण गप्प झालं. सरपंच काहीतरी बोलू लागले, मग थांबले. आमची चूक होती, हे मी माइकवरून सांगितलं आणि त्या ताईंची माफी मागितली. सभा संपल्यावर दोन मुलं टेप घेऊन त्यांच्याबरोबर गेली. वस्तीतली दहा-बारा पोरं काठावर गोळा झाली. साडेसहा परस, तळाशी हातभर पाणी. ऑक्टोबर आणि मे महिन्याचे दोन रकाने त्या ओळीत कोरेच राहिले.

आजी त्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. निघताना मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी तक्त्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, म्होरल्या साली कोन येनार?"

कार्यक्रम अधिकाऱ्याची माझी तीन वर्षांची मुदत त्या मार्चमध्ये संपत होती. विहिरींची वही मी महाविद्यालयात परत नेली नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली, किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शिपाई मामांना दाखवून. पहिल्या पानावर मुलीने ४१ खोडून ४२ लिहिलं होतं.